ताण तोडल्यापासून पहिल्या कळीपर्यंत: घरच्या फुलबागेच्या नोंदी

१९ जानेवारी

आधी पसारा सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मागच्या अंगणात १४ फूट बाय ४ फुटांचा एक वाफा आणि २३ कुंड्या. मोगऱ्याच्या चार, गुलाबाच्या पाच, जास्वंदीच्या तीन, बोगनवेलीच्या दोन. वाफ्याच्या कडेला तारेवर चढवलेली मधुमालती. बाकी किरकोळ. मागच्या वर्षी मला जाग आली तेव्हा मार्च अर्धा सरला होता, आणि मोगऱ्याने अख्ख्या हंगामात मिळून ओंजळभर कळ्या दिल्या. यंदा वही घातली आहे. जे बिघडेल तेही लिहायचं असं ठरवलंय.

आज मोगऱ्याचं पाणी तोडलं. फूल नव्या फुटीवर येतं आणि फूट जोरात यायला आधी झाडाला थोडा ताण लागतो. पण जमिनीतल्या झाडाचा ताण कुंडीला लावता येत नाही, कारण कुंडीत मुळांना खाली जायला वावच नसतो. माझा नियम असा: दुपारी पानं मलूल झाली तर बघत राहायचं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावरही सावरली नाहीत, तर एक पेला पाणी. जास्त नाही.

२२ जानेवारी

मधुमालती म्हणजे सध्या तारेवर वाळत घातलेल्या काड्या. प्रत्येक फांदी नखाने जराशी खरवडून पाहिली. सालीखाली हिरवं आणि ओलसर निघालं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं निघालं तर गेली. ११ पैकी ७ हिरव्या. उरलेल्या चारही कापल्या नाहीत, फक्त लाल दोरा बांधून ठेवलाय. शेंड्याकडे वाळलेली फांदी बुडाशी जिवंत असू शकते, आणि मी खरवडलं ते मधोमध.

१ फेब्रुवारी

छाटणी. अर्ध्या तासाचं काम धरलं होतं, साडेतीन तास गेले. कारण एकच: कात्री बोथट होती आणि ते मला पहिल्या झाडावरच कळलं होतं, तरी मी तशीच रेटली. बोथट कात्रीने फांदी कापली जात नाही, चेंगरते. कापाच्या कडेला साल चिंबलेली दिसत होती. दुसऱ्या झाडापासून धार लावून घेतली, आणि दर झाडागणिक पाती स्पिरिटने पुसली.

मोगरा साधारण निम्म्यावर आणला. आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढल्या आणि उरलेली जुनी पानं हाताने ओरबाडली. बाबा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "अगं, झाड ठेवलंस की नुसता सांगाडा?"

गुलाबाला हलका हात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते तो ठिपका) वर पाव इंच, काप तिरका, उतार डोळ्याच्या उलट दिशेला म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. वाळलेली टोकं पार पांढरा गर दिसेपर्यंत मागे घेतली.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट.

सकाळ चांगली गेली. मोगऱ्याच्या चार कुंड्यांची वरची दोन इंच माती खरवडून काढली, तिथे जुनं, भुसभुशीत शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली आणि भरपूर पाणी देऊन ताण तोडला. एका कुंडीत मुळांचा नुसता गोळा झाला होता, गोल गोल फिरून भोकातून बाहेर आलेला. ती वरच्या मापाच्या कुंडीत हलवली. मुळांच्या गोळ्याला कडेने चार उभ्या चिरा दिल्या, नाहीतर नव्या मातीतही मुळं गोलच फिरत राहतात.

मग झिनियाचं बी टाकायला कुंडी हवी होती. कोपऱ्यात एक मोकळी दिसली. नुसती माती, वर एक पानही नाही. खुरपी घातली आणि तिसऱ्या झटक्याला काहीतरी कांद्यासारखं कचकन कापल्याचा आवाज आला.

फुटबॉल लिली. तीन कंद होते त्या कुंडीत आणि मीच लावले होते. थंडी सुरू झाली की हिची पानं पिवळी पडून जातात आणि कंद मातीत गप्प झोपून राहतो. एप्रिल-मे उजाडला की आधी फुलाचा दांडा वर येतो, पानं त्याच्या मागोमाग. मधल्या काळात कुंडी रिकामीच दिसते. हे मला माहीत होतं, आणि तरीही झालं. तीनपैकी एक कंद आडवा चिरला गेला, तळाची चकती मात्र शाबूत राहिली. चिरलेली जागा दोन दिवस सावलीत सुकवून मग लावायचा विचार आहे. उरलेले दोन लगेच पुन्हा मातीत गेले, मान जेमतेम वर राहील इतक्या खोलीवर.

ज्यांच्याकडे असे झोपणारे कंद असतील त्यांनी आजच्या आज कुंडीवर खडूने नाव घालावं. मी आता घातलंय. पांढऱ्या तैलरंगाने.

झिनियाचं ४८ बी मग ट्रेमध्ये टाकलं. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याची दाबलेली वीट भिजवली, फुलली, भरली.

९ फेब्रुवारी

झिनिया सहाव्या दिवशी उगवला. ४८ पैकी ४२. फार खूश आहे.

गुलाबाचे डोळे जागे झालेत. पहिल्या दिवशी फरक एवढाच असतो की सालीवरचा चपटा तिळाएवढा ठिपका बोटाला लागू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला टोक येतं, आणि ते हिरवं नसतं, गडद तांबडं असतं, ओल्या विटेसारखं. आज एका डोळ्याची बाहेरची खवली सुटून बाजूला पडली होती आणि आत घडी घातलेली तीन पानं होती, प्रत्येकाची कड करवतीसारखी दातेरी, सगळं मिळून तांदळाच्या दाण्याहून मोठं नाही. भिंग घेऊन बसले तर पाऊण तास कुठे गेला कळलं नाही. हा वेळ वाया गेलेल्या वेळात धरत नाही.

मोगऱ्याच्या काड्या अजून काड्याच.

१४ फेब्रुवारी

झिनियाची ३१ रोपं आडवी.

सुरुवात परवा झाली. एका कोपऱ्यातली तीन झोपलेली दिसली, मला वाटलं तहानली, म्हणून पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी बारा, आणि आज हा आकडा. पडलेलं रोप उचलून पाहिलं तर पानं टवटवीत, मूळ पांढरं, आणि मातीलगत खोड मात्र दोऱ्यासारखं बारीक, पाणचट, चिमटीत धरलं तर विरघळतंय असं वाटावं. ही रोपमर. ओल साचली, हवा खेळली नाही की बुरशी नेमकं मातीलगतचं खोड धरते. तहानलेल्या रोपाची मानही वाकते, पण खोड असं कधी बारीक होत नाही. हा फरक परवा पाहिला असता तर निम्मी तरी वाचली असती. मी नेमकं त्यांना आणखी पाणी पाजलं.

चुका मोजल्या तर तीन निघाल्या. नुसतं कोकोपीट वापरलं, त्यात पाणी फार वेळ राहतं. ट्रेवर प्लॅस्टिकचा कागद उगवल्यानंतरही दोन दिवस तसाच ठेवला. आणि बी दाट टाकलं. उरलेली ११ रोपंही काढून टाकली. जीव होत नव्हता, पण त्यांच्याच मातीत तीही गेली असती. अकरा दिवस फुकट.

१७ फेब्रुवारी

झिनियाचं दुसरं पेरण. या वेळी कोकोपीट बादलीत तीन पाण्यांनी धुतलं (पहिल्या दोन वेळचं पाणी चहासारखं निघालं, नारळाच्या काथ्यातला क्षार त्यातून जातो), त्यात तेवढीच जाड वाळू आणि थोडं चाळलेलं गांडूळखत. ट्रे धुऊन कडक उन्हात वाळवला. ३० बी, दोन-दोन इंचांवर, अर्धा सेंटीमीटर खोल. पाणी वरून झारीने द्यायचं नाही, ट्रे परातीत ठेवून खालून चढू द्यायचं.

मोगरा फुटला! प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन हिरवे ठिपके. चेंगरलेल्या पहिल्या झाडाच्या मात्र दोन फांद्या टोकाकडून दोन दोन इंच काळ्या पडत आल्यात. त्या पुन्हा कापल्या, या वेळी धारदार कात्रीने.

२० फेब्रुवारी

तिसऱ्या गुलाबाने कमाल केली आहे. बुडातून एक फांदी आली आहे, करंगळीएवढी जाड, तीन आठवड्यांच्या आत फूटभर. बाकीच्या फुटी तिच्यापुढे केविलवाण्या. तिला काठीचा आधार दिला.

२३ फेब्रुवारी

झिनिया: ३० पैकी २७. प्लॅस्टिक त्याच सकाळी काढलं.

१ मार्च

जास्वंदीच्या एका झाडावर पिठ्या ढेकूण. शेंड्याशी, कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस, आणि खोडावरून मुंग्यांची रांग. कडुनिंबाचं तेल फवारलं आणि तेही चुकीच्या पद्धतीने. तेल थेट पाण्यात ओतलं, वरून साबणाचं द्रावण टाकलं. हलवलं तेव्हा पांढरं झालं, पण दहा मिनिटांत तेल वर तरंगलं. फवाऱ्यात सुरुवातीला नुसतं साबणाचं पाणी आलं आणि शेवटी नुसतं तेल. त्यात वेळ सकाळी अकराची, कडक ऊन. संध्याकाळी नऊ-दहा पानांवर तपकिरी, करपलेले डाग.

बरोबर क्रम: आधी ५ मिलि तेल आणि एक-दोन मिलि द्रव साबण एका वाटीत घोटून एकजीव करायचं, मग ते हळूहळू लिटरभर कोमट पाण्यात सोडायचं. लगेच वापरायचं, आणि उन्हं उतरल्यावर.

५ मार्च

ढेकूण कमी दिसले नाहीत. उलट आता मोठे झालेले वाटले, काही तर चांगले सेंटीमीटरभर, पांढऱ्या झिरमिळ्यांचे. चिडून पाण्याच्या जोरदार धारेने सगळं झाड धुतलं आणि त्या मोठ्यांना जुन्या टूथब्रशने एकेक करून खरवडून चिरडलं. असे सतरा मोजले. समाधान वाटलं.

संध्याकाळी एक उरलेला दिसला आणि तो चालत होता. तुरुतुरु. पिठ्या ढेकणाची मादी तीन-चार मिलिमीटरची असते आणि हलली तरी सुस्तपणे. हा मात्र एका ढेकणाच्या पुंजक्यापाशी गेला, डोकं आत घातलं, आणि पुंजका कमी व्हायला लागला. भिंगातून पाहिलं. झिरमिळ्यांच्या खाली सहा पाय आणि रीतसर जबडा.

क्रिप्टोलीमसची अळी. ढालकिड्यांच्या घराण्यातला हा छोटा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांच्या बागांमधले पिठ्या ढेकूण आवरायला तो मुद्दाम नेला होता, आणि नंतर जगभर याच कामासाठी पोचला. मोठा झाला की काळपट पंख आणि नारिंगी डोकं, ते कुणालाही ओळखू येतं. त्याची अळी मात्र ढेकणासारखंच पांढरं मेण पांघरून ढेकणांतच वावरते. मला फुकट मिळालेले सतरा राखणदार मी टूथब्रशने मारले.

आता ओळख लिहून ठेवते: आकाराने मोठा, झिरमिळ्या लांब, आणि काडीने डिवचलं की पळतो, तो आपला. बसून राहतो तो ढेकूण. फवारणी बंद. मुंग्यांचा बंदोबस्त तेवढा केला, कारण ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी त्या ढेकणांची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकतात. कुंडीखाली चार विटांचे तुकडे, ते पाण्याच्या थाळीत, झाडाची एकही फांदी भिंतीला टेकू द्यायची नाही. खोडाला थेट ग्रीस लावू नये, साल खराब होते.

८ मार्च

तिसऱ्या गुलाबाची ती 'कमाल' फांदी आता चार फूट आहे आणि तिच्यावर कळीचं नाव नाही. पानं फिकट, बारीक. बाकीच्या फांद्यांवर कळ्या धरल्या होत्या, त्यातल्या दोन सुकल्या. आज बुंध्याची माती बोटांनी उकरली. फांदी कलमाच्या सांध्याच्या खालून निघाली होती. म्हणजे खुंटाची. नर्सरीतला गुलाब हा जंगली, चिवट खुंटावर डोळा भरून केलेला असतो आणि संधी मिळाली की खुंट स्वतःच डोकं वर काढतो. मी त्याला सोळा दिवस काठीचा आधार दिला.

सात पानं असली की खुंटाची फूट, पाच असली की कलमाची, असं सांगतात. त्यावर जाऊ नका. माझ्याच एका चांगल्या गुलाबाला सात-सात पानं येतात. माती उकरून सांधा बघणं हा एकच खात्रीचा मार्ग. आणि अशी फूट मातीच्या पातळीवर कापली तर तिथून दोन येतात. जिथून निघाली तिथपर्यंत उकरून खाली ओढून मुळासकट तोडायची. तसंच केलं. मोठी जखम झाली, तिला बोर्डोची (मोरचूद-चुन्याची) पेस्ट लावली.

१४ मार्च

मोगऱ्याला कळ्या. फुटीच्या टोकाला तीन-तीनच्या झुपक्यात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, अजून हिरव्याच. चारही कुंड्यांत. चौथीत सगळ्यात जास्त पानं आणि सगळ्यात कमी कळ्या, कारण फेब्रुवारीच्या शेवटी तिला मी लाडाने युरियाचं पाणी पाजलं होतं. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं.

गुलाबाच्या पानांच्या कडांना गोल गोल भोकं पडलीत, कंपासने आखल्यासारखी. हात फवाऱ्याकडे गेला होता. पण टूथब्रश आठवला आणि थांबले. स्टूल घेऊन बसले. विसाव्या मिनिटाला एक माशी आली, मधमाशीसारखीच पण जाडसर, पानाच्या कडेवर बसली, आणि काही सेकंदांत तिने गोल तुकडा कापून पोटाखाली धरून नेलाही. पान कापणारी माशी. ती पान खात नाही, त्याच्या तुकड्यांनी घरट्यातली अंड्याची कोठडी मढवते, आणि परागीभवनाचं काम आपल्याकरता करून जाते. झाडाला काही धाड भरत नाही. पानं जरा विद्रूप दिसतात, एवढंच.

१९ मार्च

पहिला गुलाब. छाटणीपासून ४६ दिवस. फोटो काढेपर्यंत दुपार झाली आणि पाकळ्यांची कड करपली. असो.

चिनी गुलाबाबद्दल काही लिहिलंच नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. फेब्रुवारीत बोटभर काड्या मातीत खोचल्या होत्या. सगळ्या लागल्या. फुलं रोज दहाला उघडतात.

२३ मार्च

बोगनवेली. दोन्ही सारख्याच, दोन्हींना सारखंच ऊन. पहिली बाकीच्या कुंड्यांबरोबर रोज पाणी पीत होती. दुसरी नळापासून लांब असल्यामुळे माझ्या आळसाने तीन-तीन दिवस कोरडी. पहिली हिरवीगार आहे आणि तिच्यावर एकही रंग नाही. दुसरी गुलाबी झालीये, पानं दिसत नाहीत. याला प्रयोग म्हणायची माझी हिंमत नाही, पण उद्यापासून पहिलीलाही आळसाचा लाभ मिळेल.

आपण ज्याला तिचं फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल प्रत्येक पानाच्या मधोमध, काडीपेटीतल्या काडीएवढ्या जाडीचं नळकांडं, त्याला वर पांढरी चांदणी.

२७ मार्च

काल दुपारी चारला मोगऱ्याच्या सात कळ्या हिरव्याच्या पांढऱ्या झालेल्या दिसल्या. एखादी कळी पांढरी झाली आणि फुगून तिचं टोक बोथट झालं की त्याच संध्याकाळी उमलते, हे मागच्या वर्षीच्या तुटपुंज्या कळ्यांवरून ठाऊक होतं. म्हणून बसले.

साडेसहापर्यंत काही नाही. मग एका कळीची बाहेरची पाकळी पिळा सोडल्यासारखी किंचित वळली. पाकळ्या एकमेकींवर पिळलेल्या असतात, वेणीच्या पेडासारख्या, आणि उमलताना तो पीळ सुटतो. हलताना दिसत नाही. दुसऱ्या कळीकडे पाहून परत नजर आणली की कळतं, मघापेक्षा जास्त सुटलंय. वास मात्र पीळ अर्धा सुटायच्या आतच आला. आठला सात फुलं. बाबा आतूनच म्हणाले, "उमलला वाटतं." ते बघायलाही आले नाहीत, त्यांना खुर्चीवरून कळलं होतं.

५ एप्रिल

मधुमालती. लाल दोरा बांधलेल्या चारपैकी एक फांदी बुडाशी फुटली, तीन खरंच गेल्या होत्या, त्या कापल्या. झुपक्यात एकाच वेळी पांढरी, गुलाबी, लाल अशी तिन्ही फुलं दिसतात पण फूल तेच: पहिल्या संध्याकाळी पांढरं, मग गुलाबी, मग लाल. पांढरं असताना अंधार पडताच मोठ्या सोंडेचे पतंग येतात.

जास्वंदीवर ढेकूण शोधावे लागतात. नारिंगी डोक्याचे सहा भुंगेरे मोजले. कळ्या मात्र अजून गळतायत, आठवड्याला पाच-सहा. कारण सापडलेलं नाही. कुंडी तापते हा माझा संशय, म्हणून तिला गोणपाट गुंडाळलंय.

१६ एप्रिल

झिनियाचे शेंडे २० मार्चला खुडले होते, तिसऱ्या पानजोडीच्या वर. २७ पैकी २४ खुडले, तीन पाहायला तसेच ठेवले. त्या तिघांवर आज एकेक फूल आहे आणि खाली काही नाही. खुडलेल्यांवर फूल नाही, पण प्रत्येकावर चार-चार फांद्या आणि प्रत्येक फांदीला कळी. आठवडाभर थांबायचं. खालच्या पानांवर भुरीची (पिठासारख्या पांढऱ्या बुरशीची) सुरुवात, ती पानं काढली आणि संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी बुंध्याशी देते आहे.

२४ एप्रिल

झिनिया फुलला, ६६ दिवसांनी. पहिलं पेरण जगलं असतं तर दोन आठवडे आधी फुलला असता.

मोगऱ्याचा पहिला बहर ओसरला. चार कुंड्यांच्या मिळून ३१२ कळ्या मोजल्या, मग मोजायचं सोडलं. फुलून गेलेली टोकं दोन पेरं मागे कापली, वर थोडं खत.

फुटबॉल लिलीच्या कुंडीत दोन जागी माती चिरली आहे. एका चिरेतून बोटाच्या टोकाएवढा, जांभळ्या ठिपक्यांचा कोंब वर आलाय. दुसऱ्या चिरेत अजून काही दिसत नाही. तिसरा कंद, तो चिरलेला, त्याच्या जागी माती सपाट आहे. सकाळी बोट घालून बघावंसं वाटलं. बाबा म्हणाले, "हात मागे घे."

घेतला. कुंडी जागची हलवलेली नाही.